पाणसळ

माझ्या कामाचं नाव लांबलचक आहे, काम एवढंच :
भिंतीला भोक पाडायचं, भोकात खुंटी ठोकायची,
खुंटीला जे टांगाल ते पडू द्यायचं नाही.

या हिवाळ्यात सगळ्यांना समुद्र हवाय.
काळापांढरा, दोन हात रुंद, काचेमागचा.
दातांच्या दवाखान्यात एक टांगला, बँकेत दोन,
त्रोम्सोच्या हॉटेलात एका मजल्यावर बावीस,
बावीस खोल्यांत तीच लाट, फुटायच्या बेतात.
पडदा सरकवला तर खरा दिसतो, फुकट,
पण तो घटकेघटकेला रंग बदलतो
आणि सोफ्याशी जुळत नाही.

ऑडबियोर्गबाईंचा समुद्र त्यांच्या मुलाने पाठवला, ऑस्लोहून.
वृद्धाश्रम, खोली अकरा.
आईला घरच्यासारखं वाटावं, असं चिठ्ठीत होतं.
चिठ्ठी छापील, सही तेवढी हाताची.

चित्रात त्यांच्याच गावचा खडक, खडकावर दीपस्तंभ,
आणि एक होडी, जेमतेम अंगठ्याएवढी.
मी पाणसळ लावली. बुडबुडा मधोमध आला.
बोटभर नळीतल्या थेंबभर पाण्यानं
अख्ख्या समुद्राची पातळी ठरवली.

बाई म्हणाल्या, "उलटा आहे."
मला वाटलं, वय झालं.
"दीपस्तंभ डाव्या हाताला हवा.
एक्केचाळीस वर्षं भांडी विसळताना
मी तो डावीकडे बघितलाय.
यांनी आरशातला छापलाय."

फोनवर गावचा फोटो शोधला. बाईंचं बरोबर होतं.
कुठल्यातरी छापखान्यात कुणीतरी एक कळ चुकून दाबली,
आणि कुठे कुठे, किती भिंतींवर
एका खडकानं कूस बदलली,
कुणाला पत्ता नाही.

लेमलेम संध्याकाळच्या गोळ्या घेऊन आली.
चित्रापुढे थबकली. "खरा रंग कुठला हो याचा?"
"दीपस्तंभ तांबडा. होडीचं नाही सांगता येत.
आमची हिरवी होती.
पण ही आमची नाही, आमची इतकी रुंद नव्हती."
लेमलेम हसली. "मी मासावाची.
आमच्या समुद्राचं नावच तांबडा,
आणि तो असतो निळा."
मग आम्ही तिघं त्या राखाडीकडे बघत राहिलो,
ज्यानं त्यानं आपापला डबा उघडून.

मी म्हटलं, "परत पाठवतो. सुलटा मागवू.
तीन आठवडे लागतील."
बाईंनी चष्मा चढवला. खाली वाटीतलं सूप
गार होऊन त्यावर साय धरली.
"सुलट्यात होडीचं तोंड कुणीकडे येईल?"

मी हातानं दाखवलं. दाराकडे.
आत्ता ते पलंगाकडे होतं.

"मग राहू दे," त्या म्हणाल्या.
"निघालेल्या मी पुष्कळ पाहिल्या."

मी हत्यारं पेटीत भरली. भिंतीची भुकटी झाडली.
दाराशी पोचलो तर मागून,
"आणि डावा कोपरा जरा उतरव.
समुद्र कधी पाणसळीत असतो का रे?"

एकवीस वर्षांत मी मुद्दाम काही वाकडं टांगलं नव्हतं.
केसभर उतरवलं.
"अजून."
अजून उतरवलं.
बुडबुडा सरकत सरकत नळीच्या टोकाला गेला,
आणि हेलकाव्यात कड धरून बसावं
तसा तिथे बसून राहिला.

लेमलेम पुसताना ते सरळ करते म्हणे,
आणि तिची पाठ वळली की बाई
काठीच्या टोकानं पुन्हा वाकडं.

वहीत लिहिलं : खोली अकरा.
चित्र एक, खुंटी एक, वेळ दोन तास.
कार्यालयातून फोन आला,
एका खुंटीला दोन तास?
म्हटलं, वारा उलटा होता.